ट्रामचा बिनडोक घोडा

वाईचं घर विकायला काढलं तेव्हा माळ्यावरून तीन गोष्टी खाली आल्या. वरवंटा हरवलेला पाटा, काच फुटलेला कंदील आणि पत्र्याचा डबा भरून पोस्टकार्डं. पाटा घर घेणाऱ्याने पायरीला लावला. कंदील चुलतभावाने ‘हॉलमध्ये अँटिक दिसेल’ म्हणून नेला. डबा माझ्या वाट्याला आला, म्हणजे मी तो उचलेपर्यंत बाकी सगळे नदीकडे बघत उभे होते.

डबा पुण्याला आणला आणि त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. “काका, फेकू नका काही! लंडनमध्ये एक पोस्टकार्ड 31,750 पौंडांना गेलंय.”

चौकशी केली तर खरंच गेलेलं. 2002 साली, लिलावात. थिओडोर हूक नावाच्या लेखकाने 1840 मध्ये एका कार्डावर पोस्टातल्या कारकुनांची टर उडवणारं चित्र रंगवलं. भलीमोठी दौत आणि तिच्याभोवती बसलेले कारकून. त्याला पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं टपाल तिकीट, चिकटवून त्याने ते कार्ड लंडनजवळच्या फुलहॅममध्ये स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलं. जगातलं सर्वांत जुनं चित्रकार्ड म्हणून त्याची ख्याती आहे. स्वतःच स्वतःला पत्र लिहिणारे गृहस्थ आमच्या सोसायटीतही आहेत. फरक इतकाच, की ते खाली ‘समस्त सभासद’ अशी सही करतात.

मी डबा मोजला. चारशे बारा कार्डं. त्या रात्री डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली इतकी नीट लपवली की ती दोन दिवस मलाच सापडेना.

मग अभ्यासाला लागलो. पोस्टकार्डं जमवायच्या या छंदाला डेल्टिऑलॉजी म्हणतात. आईला मी ते सांगितलं तेव्हा तिने हातातली जपमाळ थांबवली. “कसली तपासणी ती? उपाशीपोटी करायची असते का?”

पहिला धडा पोटात गोळा आणणारा निघाला. आपल्याकडे सरकारी पोस्टकार्ड आलं 1 जुलै 1879 ला, किंमत पाव आणा. पाव आण्यात निरोप जातोय म्हटल्यावर सगळा देश लिहीत सुटला. त्यामुळे साधं सरकारी कार्ड जुनं असलं तरी दुर्मीळ नसतं. त्यावर एखाद्या संस्थानाचा छाप हवा, ग्वाल्हेरचा वगैरे, नाहीतर वेगळाच काही शिक्का हवा. माझ्या चारशे बारांपैकी चारशे दहा कार्डं सरकारी होती, सगळ्यांवर शिक्का एकच, वाईचा. शेवटची शेवटची तर वाघाचं तोंड छापलेली, पंधरा पैशांची. त्यातल्या एकावर माझंच अक्षर होतं: ‘परीक्षा संपली, घ्यायला या.’

दुसरा धडा ‘कंडिशन’चा. कोपरे टोकदार हवेत, डाग नको, घडी नको, भोक तर नकोच नको. आता आमच्या आजोबांकडे एक तार होती. खाली लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की आजोबा ते खचकन त्या तारेत खुपसायचे. चारशे दहा कार्डांना बरोबर छातीत एकेक भोक आहे. एका ओळीत उभं करून सगळ्या घराण्याला एकाच गोळीत उडवल्यासारखं. शुभवार्तेच्या कार्डांचे कोपरे कुंकवाने माखलेले. अशुभाचं पत्र वाचून फाडून टाकायची रीत, म्हणून तसं एकही डब्यात नाही. डब्यावर विश्वास ठेवायचा तर आमच्या घराण्यात ऐंशी वर्षं कुणी मेलेलंच नाही. नुसत्या मुंजी, बारशी आणि ‘मनिऑर्डर पावली’.

राहिली चित्रांची कार्डं, डब्यातली दोन आणि घरातलं एक.

त्यातलं पहिलं राजाबाई टॉवरचं. रंगीत, देखणं. मी खूश. पण हा सगळा शौकच उफराटा आहे. टॉवर, ताजमहाल, बोरीबंदर यांची कार्डं ढिगाने छापली आणि ढिगाने उरली. जे बघायला कुणीच जात नव्हतं ते आता महाग. तालुक्याचं स्टेशन, पाटीसकट एखादं दुकान, फुटपाथवर हजामत करणारा न्हावी. एम. व्ही. धुरंधरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतली माणसं कार्डांसाठी रंगवली, कोळणीपासून नखरेल मोलकरणीपर्यंत, ती तर लोक अजून शोधत असतात. मीही डब्यात धुरंधर शोधले. तीनदा. हाताला लागलं ते आत्याचं पापडखाराबद्दलचं कार्ड.

दुसरं चित्रकार्ड डब्यात नव्हतंच, ते आमच्या देवघरात आहे. राजा रविवर्म्याची लक्ष्मी, त्यांच्याच प्रेसची. हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याने घरोघरी देव पोचवले, त्यातले एक आमचे. आई स्नानाला गेल्याचं बघून मी लक्ष्मी उचलली. हल्ली जुन्या कार्डांच्या नकला फार निघतात, त्या ओळखायची एक युक्ती मी शिकलो होतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायचं रसायन साधारण 1950 च्या सुमाराला आलं. असा कागद जांभळ्या दिव्याखाली निळसर चमकतो, त्याआधीचा चमकत नाही. जांभळा दिवा कुठे मिळणार? आमच्या किराणावाल्या शेठकडे नोटा तपासायचं मशीन आहे.

सकाळची दुधाची गर्दी. मी पुढे होऊन म्हटलं, “शेठ, जरा ही लक्ष्मी खरी का खोटी ते बघायचंय.”

रांगेतल्या बाई एक पाऊल मागे सरकल्या. शेठने आधी हात जोडले, मग कार्ड दिव्याखाली धरलं. लक्ष्मी अजिबात चमकली नाही. “असली आहे,” शेठ म्हणाले, आणि गल्ल्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. मला मात्र आता नीट दिसलं, की देवीच्या कपाळावर, पायावर, कमळावर आणि हत्तीवर साठ-सत्तर वर्षांचं हळदकुंकू थरावर थर साचलंय. खालचा अर्धा इंच तुपकट काळा. कंडिशन, शून्य. घरी आलो तर आई रिकाम्या देवघरासमोर बसलेली. काही बोलली नाही. नुसता पाट सरकवून जागा करून दिली, ठेव म्हणून.

तिसरं कार्ड निघालं तेव्हा मात्र मला घाम फुटला. मुंबईचा रस्ता आणि त्यावर घोड्यांची ट्राम! मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 ते 1905 चालली, विजेची आली 1907 ला. वाईच्या पोस्टाचा शिक्का 1904 चा. म्हणजे ती ट्राम तेव्हा खरोखर रस्त्यावर होती. शिवाय मागच्या बाजूला मधली रेघ नाही. आज आपण डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहितो, ती सोय इंग्लंडातसुद्धा 1902 मध्ये झाली. त्याआधीच्या छापाच्या कार्डांवर अख्खी पाठ पत्त्याची, आणि मजकूर कोंबायचा चित्राच्या कडेला. आमच्या पणजोबांनी तसाच कोंबला होता, बारीक मोडीत. कुणाला वाचता येईना, म्हणून आम्ही तो महत्त्वाचा धरला. मधोमध भोकसुद्धा नव्हतं. हे कार्ड तारेतून कसं वाचलं देव जाणे.

फक्त एका कोपऱ्यात चौकोनी खिडकी होती. पणजोबांनी पत्ता लिहिताना कार्ड उलटं धरलं असणार, त्यामुळे पाठीवरचं तिकीट नेमकं घोड्याच्या मागे आलं. ते तिकीट कुणीतरी कात्रीने कापून घेतलं होतं. ट्राम आहे, कोचमन आहे, आतल्या माणसांच्या पगड्यासुद्धा मोजता येतात. पुढच्या घोड्याला डोकं नाही.

तरी मुंबईला गेलो. पहिल्यांदा शुक्रवारी गेलो. शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद असतात हे मला दादर सोडल्यावर एका सहप्रवाशाने सांगितलं. पुढच्या खेपेला मंगळवारी गेलो. मटण स्ट्रीटवरच्या एका बोळकंडीवजा दुकानात, ग्रामोफोनच्या कर्ण्याखाली बसलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराला डबा दाखवला. त्यांनी भोकवाली कार्डं पत्त्यांसारखी पिसली आणि परत दिली. राजाबाई टॉवरकडे बघून जांभई दिली. ट्राम हातात घेतली आणि भिंग काढलं.

दोन मिनिटं दुकानात आवाज नाही. “घोडेवाली ट्राम,” ते हळूच म्हणाले. “पोस्टात गेलेलं. मोडी. वा!” मग कॅल्क्युलेटरवर एक आकडा मारून माझ्याकडे फिरवला. मी आकडा वाचला आणि खुर्चीचा हात धरला. मग त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. माझ्यातून आरपार उजेड आल्यासारखं वाटलं. त्यांनी शांतपणे ‘सी’चं बटण दाबलं.

“साहेब, ही कात्री कुणी मारली?”

“जुनी गोष्ट आहे,” मी म्हणालो.

“जिसने भी मारी,” ते म्हणाले, “उसको एक देना चाहिए था.”

मी मान डोलावली. काय सांगणार? मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शाळेत तिकिटं जमवायचं वेड होतं, सुट्टीत वाईला आलो की डबा माझाच. एडवर्ड राजाचं तीन पैंचं करडं तिकीट मी तीन मॅचबॉक्स-छापांच्या बदल्यात कुणालातरी देणार होतो. नंतर राजाची दया आली म्हणून ठेवून घेतलं.

घरी आल्यावर अल्बम शोधला. सापडला, बहिणीकडे, तिच्या मुलाच्या रोलर स्केट्सखाली. एडवर्ड जागेवर होता. तिकीट पाण्यात भिजवून सुटं करायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून कार्डाच्या तुकड्यासकट भाताच्या शितांनी चिकटवलेलं. म्हणजे घोड्याचं डोकं पंचेचाळीस वर्षं तिथेच होतं, पानाला तोंड लावून! मी किटलीत पाणी उकळलं, पान वाफेवर धरलं आणि चिमट्याने कोपरा उचलला. एडवर्ड अलगद निघाला. त्याच्यामागे कागदाचा एक पापुद्रा निघाला. चित्राचा पापुद्रा पानावरच राहिला, अर्धा. एक कान, एक डोळा, आणि नाकपुडीत भाताचं शीत.

“शीत आपलं आंबेमोहोराचं असणार,” आई चष्मा लावून म्हणाली. “तेव्हा घरचा तांदूळ होता.”

एवढं झाल्यावर मोडीची तरी हौस फेडून घ्यावी, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे कार्ड नेलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं. प्रकृती उत्तम आहे. मुंबईस उकाडा फार. सोबत ट्रामचे चित्र आहे ते घरी सर्वांस दाखवावे. खिडकीपाशी आल्यावर बोट जरा थांबलं, पलीकडच्या काठावर गेलं आणि तिथून त्यांनी शेवटची ओळ पूर्ण केली:

“चित्राचे कार्ड महाग पडले आहे, जपून ठेवावे. पोरांचे हाती देऊ नये.”