एका सिस्टरला किती पेशंट?

परवा रंकाळ्यावर फिरताना आमच्या कॉलनीतल्या एक काकू म्हणाल्या, "तू चांगली आहेस गं, पण बाकीच्या सिस्टर बघितल्यास का? नुसत्या वस्सकन अंगावर येतात." मी तेव्हा गप्प बसले. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबलीय, पण वाचा.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मला चौदा वर्षं झाली. सगळी नोकरी कोल्हापुरातच, आणि खासगी हॉस्पिटलांतच. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण मला जे सांगायचंय ते एखाद्या हॉस्पिटलपुरतं नाही.

मागच्या पावसाळ्यातली एक नाईट सांगते. रात्री आठ ते सकाळी आठ. जनरल वॉर्डला २८ पेशंट, आणि आम्ही कोण, तर मी, एक शिकाऊ मुलगी आणि एक मावशी. दीडच्या सुमारास नऊ नंबरला रक्त लावायचं होतं. गगनबावड्याकडची बाई, हिमोग्लोबिन पाचाच्या खाली गेलेलं. पिशवीवरचा नंबर, रक्तगट, तारीख सगळं केसपेपरशी दोनदा ताडून बघितलं आणि पिशवी सुरू केली. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं. हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, कंबर धरली, धाप लागली तर त्या क्षणी पिशवी बंद करावी लागते. बऱ्याचदा ही लक्षणं सुरुवातीलाच दिसतात, पण ती दिसायला बघणारं माणूस शेजारी लागतं. मी त्या बाईचं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभी होते.

तेवढ्यात सतरा नंबरचं सलाईन संपलं. (सलाईन संपलं म्हणून लगेच हवा आत शिरून माणूस दगावत नाही. फार तर थोडं रक्त उलटं नळीत येतं. पण घरच्यांचा जीव वरखाली होतो, ते मी समजू शकते.) शिकाऊ मुलगी तिकडे चार नंबरच्या आजोबांची उलटी सांभाळत होती. सतरा नंबरचा मुलगा दारातूनच ओरडला, "ओ सिस्टर, झोपलाय काय?" मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. त्यानं मोबाईल काढला आणि शूटिंग करत जवळ आला. मग मी ओरडले, "दिसत नाही का, रक्त चाललंय इथं!"

ओरडले हे खरं आहे. सकाळी ऑफिसात बोलावणं आलं. व्हिडिओत माझा आवाज होता, रक्ताची पिशवी नव्हती. माझ्याकडून माफी लिहून घेतली. काल रात्री वॉर्डला सिस्टर किती होत्या, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही.

आता हिशेब बघा. बारा तासांची मिनिटं ७२०. त्याला २८ नं भागा. एका पेशंटच्या वाट्याला पंचवीस-सव्वीस मिनिटं येतात, तीही अख्ख्या रात्रीत. त्यातच रात्रीची आणि पहाटेची इंजेक्शनं, बीपी-शुगर, लघवीचं माप, नवीन ॲडमिशन, कुणाची व्हेन मिळत नाही म्हणून तीनदा टोचणं. वर सगळ्यांच्या फाईली लिहायच्या, कारण उद्या काही झालं तर फाईलच बोलते. आणि शेवटी सकाळच्या सिस्टरला नीट ओव्हर द्यायचा, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती सांगून वॉर्ड तिच्या ताब्यात द्यायचा. यातून पाणी प्यायला, बाथरूमला जायला कुठला वेळ काढायचा? मी कितीतरी नाईट मुद्दाम पाणी कमी पिऊन काढल्यात. लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या पर्समध्ये ठेवणाऱ्या मैत्रिणी माझ्या आजूबाजूला आहेत, आणि पेशंटला भरपूर पाणी प्या म्हणून सांगणाऱ्याही त्याच आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष काय आहे? जनरल वॉर्डमध्ये पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक, आयसीयूत एकास एक. रजा आणि आजारपणासाठी तीस टक्के जास्तीची माणसं वेगळी. हे वाचून आम्हाला तो दुसऱ्याच कुठल्या देशाचा कागद वाटतो. आमच्या कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात तर गर्दीला सीमाच नाही, जिल्ह्यातले सोडा, कोकणातून घाट चढून पेशंट येतात. तिथल्या सिस्टरांना पगार आमच्यापेक्षा बरा आहे, पण हात त्यांनाही दोनच.

पगाराचं थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली. पन्नास खाटांच्या आतल्या खासगी हॉस्पिटलातही महिना किमान २० हजार द्यावेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, असं समितीनं लिहिलं. दहा वर्षांच्या अनुभवावर मला १६ हजार मिळत होते. पगार कमी म्हणून मुली टिकत नाहीत, मुली टिकत नाहीत म्हणून उरलेल्यांवर डबल ड्युटी येते, आणि डबल ड्युटी झेपत नाही म्हणून उरलेल्याही जातात. मग आम्हालाच ऐकवतात, "माणसं मिळत नाहीत हो."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आमचे रिलिव्हर, म्हणजे आम्हाला सोडवायला येणाऱ्या पुढच्या पाळीच्या सिस्टर, येऊच शकले नाहीत. मी तीन दिवस वॉर्डातच होते. शिरोळकडच्या माझ्या माहेरात पाणी शिरल्याचा फोन मी औषधाच्या ट्रॉलीजवळ उभी राहून ऐकला आणि पुढच्या बेडकडे गेले. त्याचं मला आजही काही वाटत नाही, तेव्हा सगळं कोल्हापूरच एकमेकांसाठी उभं होतं. माझा राग वेगळा आहे. पूर ओसरला, पण रिलिव्हर नाही म्हणून थांबायची सवय काही ओसरली नाही. आता ऊन पडलेल्या दिवशीही "आजच्या दिवस थांब" असतंच.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या, तिथं त्यांच्यावर हल्ला झाला. ते साल १९७३. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, मरेपर्यंत, त्या तिथंच बेशुद्धासारख्या पडून होत्या. मी मागच्या नोकरीत चादरी ठेवायच्या खोलीत कपडे बदलायचे. आतून कडी नव्हती. मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहायची, मग तिच्या वेळी मी. दोनदा अर्ज दिला. कडीला किती रुपये पडतात?

काकूंना मला हे सांगायचं होतं. आमच्यातल्या काही जणी खरंच तुसड्या वागतात, मी ते झाकणार नाही. पण सकाळी मॉर्निंगला गोड बोलणारीच पोर नाईटला पहाटे चारला तुटक बोलते, तेव्हा तिचा स्वभाव रातोरात बदललेला नसतो.

मागच्या आठवड्यात राधानगरीकडची एक आजी ॲडमिट होती. तिचा मुलगा रात्री माझ्याकडे बघत बसला होता. बाराच्या पुढं म्हणाला, "सिस्टर, एवढ्या वॉर्डाला तुमी एकट्याच काय?" मी म्हटलं, हो, २४ पेशंट आहेत. आजी पडल्या पडल्याच म्हणाली, "मी काय हाक मारत न्हाई गं पोरी, तू तिकडचं बघ." आणि रात्रभर तिनं हाक मारली नाही. दुखत असूनही मारली नाही, ते मला पहाटे तिची उशी ओली लागली तेव्हा कळलं. तिला आधी बघायला हवं होतं. ती गप्प राहिली, म्हणून माझ्याकडून ती शेवटी राहिली.

सकाळी तिचा मुलगा बिल भरायला गेला. बिलात नर्सिंग चार्जेस असतात, रोजचे वेगळे. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं, "हे पैसं भरतो मी, पण रात्री वॉर्डला सिस्टर किती ठेवता ते सांगा आधी." पोरगं बिलाकडं बघत राहिलं, मग मॅनेजरना विचारून येतो म्हणून आत गेलं. मी ओव्हर देऊन बाहेर पडले तेव्हाही तो माणूस काउंटरपाशी उभाच होता.