खाडे कोण मांडणार?

घरी बसून स्वतःचं काम करणाऱ्याला सगळं मिळतं, फक्त साहेब मिळत नाही. त्यावर हल्ली तोड निघाली आहे: अकाउंटेबिलिटी पार्टनर. म्हणजे जाब विचारणारा, आपल्या भाषेत मुकादम. फरक इतकाच की हा मुकादम कामगारानंच निवडायचा असतो. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे. मी पुण्यात घरून अनुवादाची कामं करतो आणि आजवर चार पार्टनर वापरून झालेत, तेव्हा हक्कानं सांगतो.

पार्टनर आपल्याच जातकुळीचा बघा. पहाटे उठून टेकडी चढून येणाऱ्या, आणि वर त्याचा फोटो टाकणाऱ्या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. आपल्याला हवा तो, ज्याचं काम आपल्यापेक्षा चार दिवस जास्त रखडलंय. तुम्ही फोन करून सांगायचं, "आज काहीच झालं नाही रे." त्यानं म्हणायचं, "होतं असं." या दोन शब्दांसाठी तर सगळा खटाटोप.

माझा दुसरा पार्टनर ग्राफिक डिझायनर होता. सकाळी साडेनऊला दिवसाची यादी एकमेकांना पाठवायची आणि संध्याकाळी सहाला काय झालं ते कळवायचं, असं ठरलं. सकाळची यादी आम्ही दोघंही फार मन लावून करायचो. मी तर कामाच्या प्रकारानुसार रंग ठरवले होते. त्यात पावणेअकरा वाजायचे, मग दमल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी सहाला दोन्हीकडे सामसूम. एकदा त्यानं चुकून विचारलं, "त्या मॅन्युअलचं काय झालं?" मी लगेच म्हणालो, "तुझ्या लोगोचं काय झालं?" त्यानंतर आमच्यात कधी वाद झाला नाही. शुक्रवारी अमृततुल्यात आढावा बैठक मात्र आम्ही एकदाही चुकवली नाही. दोन चहा, एक क्रीमरोल अर्धा-अर्धा, आणि पुढच्या सोमवारपासून काय काय करायचं याची चर्चा.

या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे बरं का. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर 2009 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याला कोण व्हायचंय याच्याशी जोडलेला संकल्प दुसऱ्यानं वाचून त्याची दखल घेतली, तर माणूस त्या दिशेनं उलट कमीच काम करतो, असं त्यांत दिसलं. सांगितल्यानंच झाल्यासारखं वाटतं म्हणे. आता यातून कुणी "गप्प बसा" असा अर्थ काढेल. तुम्ही तसला करंटेपणा करू नका. न करता केल्याचं समाधान मिळत असेल तर ते जितक्या जणांना सांगता येईल तितक्यांना सांगा.

एका पार्टनरवर भागत नसेल तर आठ-दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढा. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजमापं घेतली होती. ती 1913 मध्ये छापून आली. दोराला जितके हात जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी. ग्रुपमध्ये नेमकं हेच व्हायला हवं. "कोण कोण बसलंय कामाला?" असं एकानं विचारायचं, बाकीच्यांनी अंगठे दाखवायचे. अंगठा दाखवणे याचा मराठीतला अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

पार्टनर म्हणून सरकारचं नाव कुणी सुचवलं तर कानावर हात ठेवा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त निघत असला, की आपल्यासारख्या बहुतेकांना 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांना ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. चुकलात तर महिन्याला 1 टक्का व्याज. गुरुवारी लाइट गेली होती, पाहुणे आले होते, मूड नव्हता, यातलं काही म्हणजे काही ऐकून घेत नाहीत. असल्या माणूसघाण्या वृत्तीशी भागीदारी होत नसते.

आणि सगळ्यात मोठा धोका तुमच्या घरातच आहे. माझ्याकडे तो साडेअकराला झाडू घेऊन यायचा. आमच्या मावशी खुर्चीखालून झाडू फिरवताना एक नजर स्क्रीनवर टाकतात. मी तेव्हा वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेवर अडलो होतो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, ती उभी रेघ सोमवारपासून तिथंच लुकलुकतीय." मी सांगितलं की शब्द अडलाय, शब्दाला वेळ द्यावा लागतो. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, "निस्सारण नलिका. म्हणजे काय ओ?"

"पाणी बाहेर जायचा पाइप."

"मग पाइप लिवा की."

तीन दिवसांचं काम या बाईंनी पोछा पिळता पिळता उरकलं. एवढ्यावर थांबतील तर त्या मावशी कसल्या. आमच्या फ्रिजशेजारी दिनदर्शिका टांगलेली आहे. दुधाच्या पिशव्या आणि मावशींचे खाडे तिच्यावर मांडलेले असतात. त्या महिन्यात दोन फुल्या होत्या, एक गावच्या जत्रेची, एक नातवाच्या तापाची. पगार मोजून घेताना त्यांनी त्या दोन फुल्यांवर बोट ठेवलं, मग बाकीच्या कोऱ्या चौकटींवरून सावकाश फिरवलं आणि विचारलं, "तुमचे खाडे कुठं मांडता ओ दादा?"

अशी व्यक्ती पार्टनर म्हणून चुकूनही नेमू नका. नेमली नसली तरी ती आपलं काम करतच राहते, म्हणून बंदोबस्त लागतो. मी मावशींची वेळ बदलून घेतली आहे. आता त्या सकाळी साडेसातला येतात. तेव्हा लॅपटॉप बंद असतो, आणि मीही.