सीता नाव का नको?

दादा-वहिनीला मुलगी होणार आहे. दोघं नेदरलँड्सला असतात, आइंडहोवनला, आणि तिकडे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते सांगतात. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांचा पाऊस पडतोय. मायरा, कियारा, अनया, तारा, मीरा. वहिनीची अट एवढीच, की तिकडच्या लोकांना म्हणता यायला हवं. आईची अट, देवाधर्माचं असावं. मी आत्या. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान माझा, म्हणून मीही एक नाव पाठवलं : सीता.

ग्रुप एकदम शांत. मग आईचा फोन. "अगं, सीता कुणी ठेवतं का? तिच्या वाट्याला काय आलं ते माहितीये ना तुला?" थोड्या वेळानं वहिनीनं लिहिलं, "त्यापेक्षा वैदेही ठेवू या का?"

मला हेच कळत नाही. वैदेही कोण मग? पुण्यातल्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट काढा, वैदेही सापडेल, मैथिली सापडेल, जानकी सापडेल, आता भूमिजाही ऐकू येते. त्या सगळ्या तीच आहेत. वनवास त्यांनाही झाला, अग्निपरीक्षा त्यांनीही दिली. वैदेही म्हणजे विदेह देशाची, मैथिली म्हणजे मिथिलेची, जानकी म्हणजे जनकाची. देशावरून, गावावरून, बापावरून पडलेली नावं आपल्याला चालतात. तिचं स्वतःचं नाव तेवढं चालत नाही.

आणि नाव तरी किती जुनं! सीता म्हणजे नांगराचं तास, जमिनीत फाळानं ओढलेली रेघ. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, 57व्या सूक्तात, शेताच्या देवतांबरोबर सीतेलाही हाक मारली आहे, तू आमच्या जवळ ये, आम्हाला पीक दे म्हणून. तिथे वनवास नाही, रावण नाही. नांगरट आणि पेरणी आहे.

या नावाबद्दल मी एवढी हट्टाला पेटलेय त्याचं कारण माझी आजी, बाबांची आई. सासवडजवळच्या खेड्यातली. माहेरचं नाव सीता. सोळाव्या वर्षी लग्न झालं. आपल्याकडे पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आजीच्या सासूनं आधीच बजावलेलं, या घरात सीता नको, वनवास मागे लागेल. आजी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावता यायची. ती मान खाली घालून ताटाकडे बघत होती. आजोबांनी आधी 'स' काढला. आजी सांगायची, "मला वाटलं, माझंच राहू दिलं. आता वेलांटी येईल. तर खाली उकार आला." सुशीला.

ही गोष्ट ती आम्हाला कितीतरी वेळा सांगायची आणि दर वेळी त्या उकारापाशी थांबायची. पुढची साठ वर्षं रेशनकार्डावर सुशीला, मतदार यादीत सुशीला, दवाखान्याच्या केसपेपरवर सुशीला. फक्त तिचा भाऊ भाऊबीजेला पुरंदरची सीताफळं घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सीते, आहेस का गं?" आजी हातातलं काम टाकून पळत यायची. भाऊ गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या औंधच्या सोसायटीत गेल्या वर्षी विद्यापीठात शिकायला आलेली एक इंडोनेशियन मुलगी भाड्यानं राहायची. जावा बेटावरच्या योग्याकार्ताची, मुसलमान घरातली, डोक्यावर हिजाब. लिफ्टमध्ये ओळख झाली. नाव विचारलं तर म्हणाली, शिंता. मी म्हटलं, म्हणजे काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "रामाची शिंता. तुमचीच ना?" तिच्या गावाजवळ प्रंबानन नावाचं नवव्या शतकातलं मंदिर आहे, त्याच्या भिंतींवर अख्खं रामायण कोरलेलं आहे. त्या मंदिराच्या साक्षीनं 1961 पासून उघड्यावर रामायणाचं नृत्य होतं. तिच्या आईला त्यातली सीता फार आवडायची, म्हणून मुलीचं नाव शिंता. शाळेत तिच्या वर्गात आणखी एक शिंता होती म्हणे. अपशकुनाचं मी तिला सांगायला गेले, तर मला ते नीट सांगताच येईना. तिला तो विचारच अनोळखी होता.

त्यानंतर मी या नावाच्या मागेच लागले. थायलंडमध्ये ती सीदा. तिथल्या रामायणाला रामाकियन म्हणतात, राम पहिला या थाई राजाच्या कारकिर्दीत 1797 मध्ये ते लिहून घेतलं गेलं, आणि त्यात तर सीदा रावणाचीच पोटची मुलगी आहे. आपल्या सीताफळासारखं तिथे एका छोट्या लांबट टोमॅटोला सीदा म्हणतात. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत तोच घालतात. लाओसमध्ये नांग सीदा, म्हणजे सीदाबाई. वाट फू या पुरातन मंदिराजवळ तिच्या नावाचं एक पडकं देऊळही आहे. कंबोडियात सेडा. म्यानमारमध्ये आपल्या 'स'चा उच्चार 'थ'कडे जातो आणि 'र'चा 'य' होतो, म्हणून तिथे रामाचा याम झाला आणि सीतेची थीदा. थीदा हे तिथल्या बायकांचं अगदी रोजचं नाव आहे. नेपाळ आणि श्रीलंकेत तर ती आहे तशीच सीता. (इंडोनेशिया-मलेशियात सिती नावाच्या खूप बायका भेटतात, पण ती सिती आपली नव्हे, ते अरबीतून आलेलं मानाचं संबोधन आहे. मीही आधी फसले होते.)

मला सगळ्यात आवडलं ते तिबेटी. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांमध्ये रामकथेची जुनी तिबेटी हस्तलिखितं सापडली. त्यांत तिचं नाव रोल-न्येद-मा असं आहे. अर्थ, नांगराच्या तासात सापडलेली. त्यांनी उच्चार घेतलाच नाही, अर्थ घेतला आणि आपल्या भाषेत तिचं पुन्हा बारसं केलं. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. बदल दोन्हीकडे झाला. पण तिबेटी माणसानं नाव समजून घेऊन बदललं, आणि आमच्या घरानं ते भीतीनं पुसलं.

वनवास ऐकून दचकणाऱ्यांना एक सांगायचंय. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून, गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांत सीता ठायी ठायी आहे. पहाटे दळणाऱ्या बाईला सीता अपशकुनी वाटत नव्हती, ती तिची मैत्रीण होती. माझं दुःख जिला कळेल अशी एकच. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. लेकरांसाठी गहू मागितला, गावानं दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला, अशी तिथली आख्यायिका. म्हणजे ती नुसती रडत बसलेली बाई नाहीच. दोन मुलं एकटीनं वाढवली आणि शेवटी परत चल म्हटल्यावर गेली नाही. माझ्या भाचीला यातलं काय वाईट लागणार आहे?

राहिला वहिनीचा प्रश्न, तिकडे म्हणता येईल का. डच माणसाला सीता म्हणायला काहीच अडचण नाही, दोनच अक्षरं आहेत. आणि नेदरलँड्समध्ये तर सूरीनाममार्गे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून, गेलेला मोठा हिंदुस्थानी समाज आहे. 1873 मध्ये लल्ला रूख जहाजानं त्यांचे पहिले पूर्वज कलकत्त्याहून सूरीनामला मजुरीला गेले, पुढे पुष्कळ कुटुंबं हेगला येऊन राहिली. जाताना त्यांनी तुलसीदासांचं रामायण बरोबर नेलं होतं. तिथल्या एखाद्या आजीला माझ्या भाचीचं नाव समजावून सांगावं लागणार नाही. आणि समजा कुणी सीदा म्हटलं, शिंता म्हटलं, तर म्हणू दे की. निम्मं आशिया म्हणतंच आहे. नाव जिभेवर वळलं म्हणून बिघडत नाही, ते न उच्चारता ठेवलं तर मात्र जातं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, आई अजून रागावलेली आहे. तिची भीती खोटी नाही, ती तिच्या आईकडून आलीय, तिच्या आईला तिच्या आईकडून. तिच्याशी मी भांडत नाही, फक्त परत परत सांगतेय.

परवा वहिनीचा फोन आला. तांदळाची गोष्ट तिला माहीत नव्हती, तिनं ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाली, "तो उकार परत सांग." मी परत सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. नाव अजून ठरलेलं नाही, पण वैदेही यादीतून काढलंय म्हणाली. बारसं पुण्यातच आहे, दिवाळीच्या सुमाराला. सीताफळं तेव्हा भरपूर असतील.