दारं-खिडक्या बंद करून सर्दी टळत नाही

थंडी पडू लागली की मोबाइलवर दरवर्षी एक संदेश फिरतो. त्याचा सारांश असा: ‘सर्दी थंडीमुळेच होते. दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा. रात्री खोलीत शेगडी पेटती ठेवा, जवळ पाण्याची बादली ठेवली की काही धोका नाही. तीन वेळा वाफ घ्या, विषाणू मरतात. कडक पाण्याने आंघोळ करा. क जीवनसत्त्वाची गोळी रोज घ्या. शेंबूड हिरवा झाला की लगेच अँटिबायोटिक सुरू करा.’

यातलं काही निरुपद्रवी आहे, काही निरुपयोगी आहे. पण एक सल्ला जीव घेऊ शकतो, म्हणून क्रम मोडून आधी त्याबद्दल.

‘रात्री शेगडी पेटती ठेवा’

हे अजिबात करू नका. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पुरत नाही. खोली जितकी बंद, तितकं ज्वलन अपुरं आणि वायू जास्त. धूर निघून गेला, नुसते निखारे उरले म्हणजे धोका संपला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात निखाऱ्यांतूनही हा वायू भरपूर निघत राहतो. बादलीचा तर काहीच उपयोग नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझरही याच कारणाने घातक ठरतो.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं. झोपलेल्या माणसाला ती जाणवत नाहीत. तो झोपेतून थेट बेशुद्धीत जातो. ताप नसताना घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर हाच संशय घ्या. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो आकडा चांगलाच दाखवतो, कारण रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला वेगळे ओळखता येत नाहीत.

ऊब हवी असेल तर अंथरूण गरम करा. रबरी पिशवीत उकळतं नाही, नुसतं गरम पाणी दोन-तृतीयांश भरा, उरलेली हवा दाबून काढा, बूच घट्ट लावा आणि पिशवी कापडात गुंडाळून पांघरुणात ठेवा. झोपताना ती काढून घ्या. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजलेलं कळतही नाही.

‘सर्दी थंडीमुळेच होते, म्हणून खिडक्या बंद’

सर्दी विषाणूंमुळे होते. इंग्लंडमधल्या सॉल्सबरी इथे १९४६ ते १९९० या काळात सर्दीवर संशोधन करणारं केंद्र चाललं. तिथे स्वयंसेवकांना गारठवूनही पाहिलं, पण गारठल्यामुळे सर्दी वाढल्याचं दिसलं नाही.

तरीही थंडीचा काहीच संबंध नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कार्डिफमधल्या २००५ सालच्या प्रयोगात ९० जणांनी २० मिनिटं थंड पाण्यात पाय ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. पाय कोरडे ठेवलेल्या ९० जणांत हा आकडा ५ होता. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस नाकातल्या ३३ ते ३५ अंश तापमानात अधिक जोमाने वाढतात आणि कोरड्या हवेत फ्लू सहज पसरतो. म्हणजे थंडी विषाणूला हात देते. पण तो आपल्यापर्यंत येतो माणसांकडून, आणि सगळे एकाच बंद खोलीत बसले की त्याला याहून सोयीचं काही नाही.

म्हणून दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या दोन खिडक्या ५ ते १० मिनिटं पूर्ण उघडा. उष्णता मुख्यतः भिंती आणि सामानात साठलेली असते, त्यामुळे हवा बदलली तरी खोली लवकर पुन्हा ऊबदार होते. सकाळी धुरकं दाट असेल तर दुपारी उघडा. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. काचांवर रोज पाणी साचत असेल तर ओलावा जास्त झाला आहे आणि आता बुरशीची पाळी.

‘वाफेने विषाणू मरतात’

मरत नाहीत. ते पेशींच्या आत असतात, आणि त्यांना मारण्याइतकी उष्णता नाकाचं अस्तर आधी भाजेल. वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, एवढंच. त्या बदल्यात उकळतं भांडं कलंडून लहान मुलं भाजतात, आणि ही किंमत फार मोठी आहे.

चोंदलेल्या नाकासाठी मिठाचं पाणी बरं. २५० मिलिलिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम, म्हणजे लहान अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. क्वचित त्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोहोचतो. नाक चुरचुरलं तर बहुधा मिठाचं प्रमाण चुकलं आहे.

‘कडक पाण्याने आंघोळ’

त्वचेवरचं तेल निघून जातं, मग खाज आणि भेगा. कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं, आणि अंग टिपल्यावर ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

‘क जीवनसत्त्व रोज’

११ हजारांहून अधिक लोकांवरच्या २९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज गोळी घेऊन सर्वसाधारण लोकांची सर्दी टळत नाही असं दिसलं. मोठ्यांचा आजार सुमारे ८ टक्के लवकर आटोपला, म्हणजे सात दिवसांतला जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या गोळीचा ठाम फायदा दिसला नाही. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर जुलाब होऊ शकतात.

‘हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक’

हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका लोहयुक्त विकराचा असतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो दिसतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. रंगापेक्षा दिवस मोजा. दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर लगेच जा.

संदेशात दोन गोष्टी नाहीतच. एक, बाहेरून आल्यावर आणि जेवण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुणं. बोटांच्या बेचक्या आणि अंगठे हमखास राहतात. दुसरी, फ्लूची लस. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात पहिला माणूस खोकू लागल्यावर घेतलेली लस त्या साथीपुरती बहुधा उशिराची ठरते.