धोबी, आरसा आणि माझे लोकरी मोजे

प्रताप नगर चौकात सिग्नलला उभा होतो, डिसेंबरातली सकाळ, ९ डिग्री, नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं लागेल अशी थंडी, आणि बाजूच्या बाईकवरचा पोरगा एकटक बघून राहिला. माझ्याकडे नाही, गाडीकडे. शेवटी त्याला राहवलं नाही. "काका, गाडीले थंडी वाजून राहिली का?"

तेव्हा लक्षात आलं, दोन्ही आरशांवर मोजे तसेच राहिले. लाल-पांढरे, लोकरीचे, वर गोंडे. सिग्नल सुटला आणि मी मोजे न काढताच पळालो, कारण मागून हॉर्न सुरू झाले होते आणि मागे कोण आहे हे बघायला आरसा नव्हता.

आता ते मोजे तिथे कसे पोचले हे सांगायचं तर नोव्हेंबरात जावं लागेल.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा, मधल्या दिवसांत बाकीच्यांनी पक्षी बघायचे. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला, 'या हिवाळ्यात घराच्या आजूबाजूचे पक्षी ओळखा', खाली पंचवीस फोटो. ४७ वर्षं नागपुरात काढून मला त्यातले पाच ओळखता आले आणि त्या पाचात कबुतर होतं. लागलं ना मनाला. म्हटलं बस्स, दुर्बीण घ्यायची.

भाचा म्हणाला, मामा ८ बाय ४२ घ्या, पक्षी बघणारे तीच घेतात. आठपट मोठं दिसतं म्हणे. पण दुकानात त्याच भावात वीसपटवाली ठेवलेली, मग आठपट कोण घेईल, मी काय वेडा आहे का, एका प्लेटच्या पैशात अडीच प्लेट तर्री पोहा मिळत असेल तर माणूस काय करतो? घेतली वीसपटवाली. घरी आल्यावर कळलं की पक्षी वीसपट मोठा दिसतो तसा हाताचा कंपही वीसपट होतो. टाकीवर बसलेला होला बघायला गेलो तर भूकंपाचं लाइव्ह सुरू असल्यासारखं दिसायला लागलं. आणि थंडीत माझे हात असेही कापतात. पुण्या-मुंबईचे लोक आमच्या थंडीला हसतात, त्यांना नागपूर म्हणजे मे महिनाच माहीत, पण २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ वर गेला होता, तेव्हा या म्हणावं गच्चीवर दुर्बीण घेऊन. त्यात माझा चष्मा. डोळ्यांना लावायच्या त्या रबरी वाट्या चष्मेवाल्यांनी खाली दुमडून घ्यायच्या असतात, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर मी सगळी सृष्टी दोन स्ट्रॉमधून बघत होतो.

आमच्या बाजूला एक खाली प्लॉट आहे. नागपुरातल्या प्रत्येक लेआउटमध्ये असा एक प्लॉट असतोच, मालक अमेरिकेत नाहीतर केस कोर्टात. त्यात एक बोरीचं झाड, चार रुईची झुडपं, गाजरगवत, कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली रेती आणि एक मोडका कमोड. मला वीस वर्षं वाटत होतं की हा कचरा आहे. पण पक्ष्यांच्या हिशेबाने हा पंचतारांकित प्लॉट निघाला. कमोडच्या काठावर रोज साडेसहाला एक पक्षी येऊन बसायचा, वरून काळा कुळकुळीत, पोट नारंगी, आणि शेपटी सारखी थरथरतेय, म्हणजे मला वाटलं माझीच दुर्बीण हलतेय, मी दुर्बीण काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी थरथर सुरूच. तो काळा थिरथिरा. नावच त्यावरून पडलंय. उन्हाळ्यात तिकडे लडाख-तिबेटच्या बाजूला संसार करतो, आणि हिवाळा काढायला ह्याला अख्ख्या भारतात माझ्या शेजारचा कमोड सापडला. मला उगाच भरून आलं. बायकोला हाक मारली. ती शाल गुंडाळून आली, बघितलं आणि म्हणाली, "तो कमोड उचलायला सांगा म्हणून मी तीन वर्षं ओरडून राहिली, तुम्ही त्याच्याकडे दुर्बिणीनं बघून राहिले?"

थिरथिरा निदान समोर तरी बसतो. वटवट्या नावाचा जो प्रकार आहे त्याने माझा जीव घेतला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे सगळे वटवटे एकाच रंगाचे, मळकट तपकिरी, पावसात राहिलेल्या पोत्यासारखे, आणि मेंदीच्या कुंपणात आत बसून नुसतं 'टक्, टक्' करतात, बाहेर येत नाहीत. तर एकदा सकाळी मी असाच 'टक्, टक्' ऐकून कुंपणाशी उकिडवा बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. टक्. टक् टक्. श्वाससुद्धा तोंडाने घेत होतो की आवाज नको. पायाला मुंग्या आल्या, एक खरा मुंगळाही आला. आणि मग पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, हे लायटर बदला बाप्पा आता, अर्धा तास झाला पेटतच नाही!"

मधे एका रविवारी गोरेवाडा तलावावरही जाऊन आलो. तिथे खरे पक्षीवाले असतात, दीड हात लांब लेन्सवाले. आम्ही पंचवीस बदकं मोजून आनंदात, तर ते म्हणतात "आज काहीच नाही, सगळे कॉमनच आहेत." माझ्या पंचवीसातल्या सहा तर पाण्याच्या बाटल्या निघाल्या. त्यापेक्षा आपला कमोड बरा असं ठरवून परत आलो.

आणि मग तो आला. पांढरा धोबी.

नागपुरात हिवाळी पाहुणे म्हटलं की लगेच विधिमंडळाच्या अधिवेशनाचा विनोद होतो, तो इतक्यांदा मारून झालाय की मी मारणार नाही, फक्त एवढंच म्हणतो की आमदारांच्या येण्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे आणि धोब्याने कशावरही सही केलेली नाही, तरी तो दरवर्षी वेळेवर येतो आणि पूर्ण हिवाळा थांबतो. दिसायला एकदम देखणा, पांढराशुभ्र चेहरा, छातीवर काळा रुमाल बांधल्यासारखा, पाठ करडी, चिमणीपेक्षा लांब पण वजन चार सुपाऱ्यांएवढं. उड्या मारत नाही, चालतो, आणि चालताना शेपटी खालीवर आपटत राहतो, घाटावर कपडे आपटावेत तशी. आमच्या पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या की पाणी साचतं, तिथे किडे वेचत तो फिरायचा. मला इतका आनंद झाला की मी स्टेटस ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्याला माझ्या स्कूटीचा आरसा दिसला.

झालं असं की ही मंडळी हिवाळ्यातसुद्धा आपापली खायची जागा धरून असतात, दुसरा धोबी आला की हाकलतात. गंमत म्हणजे दिवसभर एकमेकांना हाकलून रात्री हेच सगळे एका ठिकाणी गोळा होऊन झोपतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगनंतर आम्ही सगळे एकत्र आइस्क्रीम खायला जातो तसं. तर ह्याने आरशात बघितलं, आत दुसरा धोबी. ह्याने शेपटी आपटली, त्यानेही आपटली. ह्याने चोच मारली, त्यानेही नेमकी त्याच क्षणी मारली. आता असा निर्लज्ज शत्रू कुणाला आवडेल? रोज सव्वासातला ड्युटी सुरू. टक-टक-टक-टक, मग आरशाच्या वर बसून दम खायचा, खाली वाकून बघायचं की गेला का, तो आहेच, की परत पंख फडफडवत अंगावर. आणि हे सगळं करताना मागच्या बाजूने जे व्हायचं ते हँडलवर, सीटवर, आणि एकदा तर हेल्मेटच्या आत.

मी आरसा उलटा फिरवला, तर तो दुसऱ्या आरशावर गेला. प्लास्टिकची पिशवी बांधली, रात्रीच्या वाऱ्याने ती उडून गेली. गाडी मागे नेऊन लावली, तर त्याने वरच्या काकांच्या नव्या कोऱ्या कारवर मोर्चा वळवला आणि काका सकाळी साडेसातला माझ्या दारात उभे, "तुमच्या पक्ष्याने माझ्या गाडीची वाट लावली." तुमच्या! स्टेटस मी ठेवलं ना, आता पक्षी माझ्या नावावर. खरं सांगायचं तर मला धोब्याचंच वाईट वाटायला लागलं होतं, एवढासा जीव, खायच्या वेळेला खायचं सोडून काचेशी लढतोय. भाच्याला फोन केला, तो म्हणाला सोपं आहे मामा, आरसे झाकून टाका, मोजे घाला.

घरात ढिगाने मोजे आहेत, पण आरशावर बसेल असा रुंद मोजा एकच जोड. सासूबाईंनी विणलेला. ते मोजे पायात घातले की बुटात पाय जात नाही, आणि आरशाला मात्र असे बसले की जणू मापच आरशाचं घेतलं होतं. सकाळी सव्वासातला धोबी आला, आरशावर बसला, खाली वाकला. लोकर. परत वाकला. मग दोन पावलं चालून इकडेतिकडे बघितलं आणि सरळ पाण्याच्या डबक्याकडे निघून गेला, किडे खायला. मला नोबेल मिळाल्यासारखं झालं. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"अहो. आईनं विणलेले मोजे?"

पुढचं लिहीत नाही.

तर सिग्नलवरून पळालो त्या दिवशीची गोष्ट अर्धीच सांगितली. पुढच्याच चौकात ट्रॅफिक हवालदाराने बाजूला घेतलं. "आरसे झाकून गाडी चालवता का जी?"

मी म्हटलं, "साहेब, धोब्यामुळे झाकले. रोज सकाळी येऊन आरशावर मारतो."

"धोबी?"

"हो. सव्वासातला येतो."

"काहून? पैसे बाकी आहेत का त्याचे?"

"नाही हो. त्याला वाटतं आत दुसरा धोबी आहे."

हवालदार माझ्या तोंडाचा वास घेण्याइतके जवळ आले. "राहाते कुठं हा?"

"हिमालयाच्या पलीकडे. हिवाळ्यापुरता येतो."

"मंग कम्प्लेंट द्या ना जी!"

शेवटी मोबाईल काढून फोटो दाखवला. ते दोन मिनिटं फोटोकडे बघत राहिले, एकदा मोज्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला वाटलं आता पावती फाडणार, तर त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला. "हे कोणतं पाखरू आहे सांगा बरं. क्वार्टरच्या मागं येते." पक्षी ओळखणारा माणूस दिसला की प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असा एक फोटो असतोच, हललेला, लांबून काढलेला, त्यात नव्वद टक्के भिंत. पण ह्या फोटोत कोपऱ्यात विटकरी पंख आणि काळी लांब शेपूट दिसत होती. म्हटलं, साहेब, भारद्वाज. "भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाते म्हणते आमची माय," ते म्हणाले, "जा. पण मोजे काढा पहिले." मी मोजे काढून खिशात घातले. पावती वाचली, ती भारद्वाजामुळे, धोब्यामुळे नाही, हे नोंदवून ठेवतो.

फेब्रुवारीत ती ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची जगभरातली मोजणी असते, चार दिवस, कुठेही उभं राहून कमीत कमी पंधरा मिनिटं दिसेल ते मोजायचं. मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो, हातात वही, शेजारी संत्र्याची वाटी. कबुतरं ३१. सातभाई ९, हे सात कधीच नसतात, कधी सहा, कधी दहा, आणि सगळे एकाच वेळी बोलतात त्यामुळे मोजताही येत नाहीत. बुलबुल ४. तांबट १, दिसला नाही, फक्त ठकठक ऐकू आली, पण या वेळी आधी खाली जाऊन काकूंचा लायटर तपासून आलो. थिरथिरा १, कमोडवर. धोबी १, आरशातला धरला तर २. ते आरशातल्याचं नंतर खोडलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सव्वासात वाजून गेले आणि पार्किंगमध्ये कुणीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कमोडही रिकामा. मी चार दिवस थांबलो, मग मोजे काढले, बायकोने ते दोनदा डेटॉलमध्ये भिजवून धुतले आणि कपाटात सगळ्यात वरच्या खणात ठेवले, माझा हात पोचणार नाही तिथे.

आठवडाभर आरसे उघडे, मला मागचं सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि मग गुरुवारी सकाळी खालून परत टक-टक-टक. धावत गेलो. आरशावर एक शिंजीर, अंगठ्याएवढा, हिवाळाभर मळका पिवळट होता, गळ्यावर नुसती एक काळी रेघ, तो आता विणीच्या दिवसांत निळा-जांभळा चमकायला लागलेला, आणि आरशातल्या शिंजिराला असं बदडत होता की धोबी म्हणजे संत वाटावा. मी खाली उभा राहून बघत राहिलो. पाठीमागे बायको कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. माझ्या हातात काहीतरी कोंबलं तिने. माझेच ऑफिसचे, पांढरे.

"हे सुती आहेत," ती म्हणाली. "आता ऊन तापायला लागलं."