बिनचाकांचे तीन पाट

जर्सी सिटीला लेकीकडे येऊन तीन दिवस झाले असतील, तेवढ्यात एक लांबट खोकं आलं. आत फोममध्ये तीन स्केटबोर्ड, पण नुसत्या फळ्याच. चाकांचा पत्ता नाही. मी खोकं उलटं करून झटकलं, फोमखाली बोटं घालून चाचपलं आणि म्हटलं, "अगं, चाकं पाठवलीच नाहीत यांनी. तक्रार कर."

"बाबा, नुसते डेक आहेत ते. भिंतीवर लावायचे. कीथ हेरिंगची चित्रं आहेत."

तोवर हिने एक फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर मांडी ठोकली होती. चित्र खाली, ही वर. "पाट डुगडुगतोय," ही म्हणाली. "आणि ही आठ भोकं कशाला? पाणी निथळायला?"

लेकीने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

हिचं तरी काय चुकलं म्हणा. मेपलचे सात पातळ थर चिकटवलेली, 8 इंच रुंदीची फळी आमच्या घरात पाटच असते. फक्त ही मधून खोलगट, म्हणून डुगडुगते. भोकं चाकांच्या पट्ट्या बसवायची. आणि चित्र असतं पोटाकडून. खरी खेळणारी पोरं कठड्यांवर घासून घासून ते पार खरवडून टाकतात. आमच्या घरात मात्र त्यावर बोट ठेवायचं नाही.

हेरिंगची गोष्ट लेकीनेच सांगितली. 1980च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद डकवलेला असायचा. हा गडी त्यावर पांढऱ्या खडूने रांगतं बाळ, भुंकता कुत्रा असलं काहीबाही काढायचा. रांगोळी घालणाऱ्या बायकांसारखी सरसर रेघ, खोडाखोड नाही, आणि एक डोळा पोलिसावर. पकडलाही गेला पुष्कळदा. 1986 साली त्याने हार्लेममध्ये हँडबॉलच्या भिंतीवर 'क्रॅक इज वॅक', म्हणजे क्रॅक नावाची नशा वाईट, असं विनापरवाना रंगवलं, त्याबद्दल दंड भरला, आणि त्याच वर्षी तीच भिंत पुन्हा रंगवली. त्याच वर्षी लफायेत स्ट्रीटवर 'पॉप शॉप' नावाचं दुकान काढलं. टी-शर्ट, बिल्ले असलं विकायचं, म्हणजे गरिबालाही चित्र घेता यावं. 1990मध्ये एड्सने गेला बिचारा. वय 31.

गरिबाला परवडावं, हे ऐकून मला धीर आला आणि मी तीन फळ्यांची किंमत विचारली. "सांगते, पण रुपये करू नकोस," लेक म्हणाली. मी केले. रात्री जेवण गेलं नाही.

टांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. तीस वर्षं पुण्यातल्या भिंतींत खिळे ठोकलेत मी. पण आपली भिंत खिळा वाकवते, इथली गिळते. जिप्समचा पत्रा, आत पोकळी. टकटक करत लाकडी पट्टी शोधायची आणि नेमकी तिथेच भोक पाडायचं. त्यात घर भाड्याचं. "एक भोक चुकलं तरी डिपॉझिटमधून कापतील," लेक ऑफिसला जाता जाता बजावून गेली.

पहिलंच भोक चुकलं. ड्रिल मानेपर्यंत आत गेलं आणि गिट्टी तर कायमची भिंतवासी झाली. तिथून दीड वीत सरकून दुसरीकडे सुरुवात केली. लेव्हलचा बुडबुडा मध्ये आला की फळी सरकायची, फळी थांबली की बुडबुडा. चार तासांनी तिन्ही लागल्या. मागे सरकून बघतो तो कुत्र्याचं तोंड पहिल्या फळीवर आणि धड तिसऱ्या! मधल्या फळीवर भलतंच बाळ रांगतंय. ही सोफ्यावरून म्हणाली, "मला वाटलं, तसंच असेल." आता असल्या चित्रात बरोबर काय नि चूक काय, हे तिला तरी कसं कळणार?

फळ्यांची अदलाबदल झाली. उरलं ते चुकलेलं भोक. हिने त्यात टूथपेस्ट भरली. भिंत सायीच्या रंगाची, पेस्ट पांढरीफेक. भोक आधी एवढं दिसत नव्हतं.

रात्री मला झोप येईना. उठून हॉलमध्ये आलो. हेरिंगच्या कुत्र्याच्या तोंडासमोर भुंकण्याच्या तीन-चार छोट्या रेघा असतात. म्हटलं, त्या ठिपक्याभोवती तशाच ओढल्या तर तो चित्रातलाच वाटेल. पेन्सिल घेतली, कान दाराकडे ठेवून दोन रेघा ओढल्या. बऱ्या आल्या. तिसरी ओढणार, तोच लेकीच्या खोलीची कडी वाजली.

मी पेन्सिल लेंग्याच्या नाडीत खोचली आणि पाणी प्यायला आल्यासारखा उभा राहिलो. हातात पेला नव्हता.