काकू, तेच परत एकदा, फक्त हसून

"काकू, तेच परत एकदा बोला ना, फक्त जरा हसून. आणि पाकीट असं कॅमेऱ्याकडे धरा." मे महिना, नागपूरच्या महाल भागातलं एक स्वयंपाकघर, आणि हे वाक्य म्हणणारा माणूस स्वतःला संशोधक म्हणवतो. असे संशोधक आपल्या नागपुरात वाढून राहिले आहेत. त्यांच्या पंगतीत बसायची तुमची इच्छा असेल, तर हे चार सल्ले.

धंदा सोपा आहे. लोकांच्या घरी जायचं, ते काय धुतात, काय शिजवतात, काय कुठे लपवून ठेवतात ते पाहायचं, त्याचं चित्रण करायचं आणि कंपनीच्या बैठकीत दाखवायला तीन मिनिटांची फिल्म द्यायची. मानववंशशास्त्र शिकायला काही वर्षं लागतात, माहितीपट शिकायलाही लागतात. दोन्ही एकत्र केलं की दोन दिवस पुरतात. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियँड बेटांवर तंबू ठोकून दोनेक वर्षं राहिला, कारण त्याला कोणी सादरीकरणाची तारीख दिली नव्हती. तुम्ही सोनेगावच्या विमानतळावर सकाळी उतरा, दुसऱ्या संध्याकाळी उडा, मध्ये सहा घरं उरका.

घरात दोघांनीच जायचं असतं, एक विचारणारा आणि एक कॅमेरावाला. तुम्ही सात जण न्या. काकूंना स्वतःच्या गॅसपाशी पोचायला "जरा सरकता का?" म्हणावं लागलं की वहीत लिहा: स्वयंपाकघर ही तिची हक्काची जागा.

माणसं शोधून देणाऱ्या भाऊंवर डोळे मिटून विश्वास ठेवा. मार्चमध्ये साबणाच्या पाहणीला बसलेल्या ताईच मेमध्ये मसाल्याच्या पाहणीला बसतील. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या पाहणीत भाग घेतला का, या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं, हे त्यांना तुमच्याआधीपासून पाठ आहे.

घराची आर्थिक पायरी ठरवायला एनसीसीएसचा, म्हणजे ग्राहकांच्या वर्गवारीचा, तक्ता आहेच: मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरांपैकी घरात किती वस्तू. त्यात एसी आहे, मोटार आहे, शेतजमीनसुद्धा आहे. कूलर नाही. बरोबरच आहे, इथे कूलर कोण वापरतं!

आता कूलर निघालाच आहे, तर आत गेल्यागेल्या तो बंद करायला लावा. आवाज येतो ना! बाहेर पंचेचाळीस आहे, वाळ्याच्या ताट्या सुकल्या आहेत, आजी आतल्या खोलीत झोपल्या आहेत. त्याच्याशी साउंडवाल्याला काय करायचंय? दहा मिनिटांत काकू पदराने कपाळ पुसत "हो, हो, चांगलं आहे" एवढंच बोलू लागतील, तुम्हाला हवं तेच. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, कूलरला पाठ येईल असं बसवायचं, पंखा कमी वेगावर ठेवायचा आणि शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज भरून घ्यायचा, हे ज्यांना येतं त्यांच्याकडे जाऊ नका, महाग पडतात. तुम्ही कूलर अर्धा वेळ बंद, अर्धा वेळ सुरू ठेवा. एडिटिंगला प्रत्येक कटवर घरघर येईल आणि जाईल. मग म्हणा, नागपूरचा कॅमेरावाला कच्चा आहे.

कॅमेरा परदेशी व्हिडिओत सांगतात तसाच लावा, सेकंदाला तीस फ्रेम, शटर एकसाठांश. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, पंचवीस फ्रेम आणि एकपन्नासांश ठेवलं तर ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकत नाही. पण एवढा विचार कोण करतो? आणि सगळं फोरकेमध्येच हवं. सेकंदाला शंभर मेगाबिट म्हणजे तासाला पंचेचाळीस जीबी, सहा घरं, प्रत्येकी तीन तास: आठशे दहा जीबी. तेवढं सगळं एकाच हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क चेक-इनच्या बॅगेत टाका.

फिल्म सुरू होताना संत्री दाखवा. मे महिन्यात? हो, मे महिन्यातच. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे झाडांनी बघावं.

भाषांतर मुंबईत करून घ्या, स्वस्त पडतं. काकू म्हणाल्या, "पोरगा पुण्याला शिकून राहिला." म्हणजे आपल्याकडे, शिकतोय. कागदावर येईल: शिकून झाल्यावर मुलगा पुण्यातच राहिला. त्यावरून एक पान करा, 'विदर्भातील आईचं एकटेपण'. पोरगा दर शनिवारी फोन करतो आणि दिवाळीला डबा भरून चिवडा नेतो, ते फिल्ममधून कापा.

संमतीचा फॉर्म इंग्रजीत चार पानी ठेवा. "इथे सही, ताई, काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी." आत लिहा, फक्त अंतर्गत संशोधनासाठी. मग तीच क्लिप विक्रेत्यांच्या मेळाव्यात दाखवा, आणि तिथे टाळ्या पडल्या की खाली गाणं टाकून इन्स्टाग्रामवर चढवा. सासूबाईंना न सांगता महागाची पावडर आणते आणि जुन्या डब्यात ओतून ठेवते, असं ती तुमच्यावर विश्वास ठेवून बोलली होती. तीन तास बसून, चहा पाजून, भावनेच्या भरात बोलली होती. आता ते अमरावतीच्या नणंदेच्या फोनवर आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती ठरावीक कामापुरतीच असते, नीट समजावून घ्यायची असते, मागे घेता येते, आणि सूचना मराठीत मागता येते. वाचलंय का कोणी? पाहणी करून देणाऱ्या एजन्सीत विचारलं तर "लीगल बघेल" म्हणतात. लीगल त्या घरी गेलं होतं का? चहा लीगलने प्यायला का?

पुरे झाले सल्ले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, बाप्पा? बाई काय करते ते पाहायला गेला होतात ना? मग तिला हसायला काहून सांगता? जाहिरात करायची असेल तर नटी घ्या, तिचे पैसे मोजा. आणि कॅमेरा धरणाऱ्या पोरांनो, तुम्हीही ऐका. "परत एकदा, हसून" हा हुकूम आला तेव्हा रेकॉर्डचं बटण तुमच्याच बोटाने दाबलं. नाही म्हणता येत होतं. एजन्सी नव्वद दिवस पैसे देत नाही म्हणून घाबरता? उद्यम नोंदणी करा. लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस आहेत, बिलावर तसं छापा. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. ती खाली बसली असेल तर ट्रायपॉड तिच्या डोळ्यांइतका खाली आणा, उभ्याने तिच्या टाळूवर रोखू नका. फॉर्म मराठीत, एक पानी, आणि सहीआधी मोठ्याने वाचून दाखवा.

आणि महालातल्या त्या काकूंना मोबदला म्हणून दिलेलं हजाराचं कूपन चालत नाहीये. रोख द्या, आजच.